कोंडलेला धूर

थोरलीला आग कळायची. भट्टीच्या भिंतीत एका विटेएवढं भोक होतं, त्याला घरात 'डोळा' म्हणत. डोळ्यातली वीट बाजूला करून ती आत नुसती नजर टाकायची आणि सांगायची, "अजून थोडं हवं," किंवा "बास, आता लाकूड नको." तिचा अंदाज कधी चुकला नाही. सासऱ्यांनी एकदा कुठूनसं उष्णता मोजायचं यंत्र आणलं होतं, ते दोन भट्ट्यांतच जळून गेलं. "यंत्र जळलं, पण आमची थोरली काही जळत नाही," असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांना येणारा विनोद तेवढाच.

पुढे थोरली जळली, पण ते जळणं वेगळं.

कारखाना घराला लागूनच होता. पुढे चाकं, मागे भट्टी, मधे मातीचे हौद. बरण्या, कुंड्या, रांजण, सगळ्यांवर एकच हिरवी झिलई, भट्टीत वितळून काचेसारखी बसणारी. तांब्याची पूड घालून ती झिलई करायची पद्धत सासऱ्यांची, आणि भट्टीचा नियमही त्यांचाच. आग स्वच्छ पाहिजे. "धूर म्हणजे चोर," ते म्हणायचे. "आत शिरला की झिलईचं तेज घेऊन जातो." थोरली लग्न होऊन आली तेव्हा त्यांनी तिला पहिल्यांदा हेच शिकवलं आणि तिने ते एखाद्या शपथेसारखं पाळलं. नवरा माल खपवायचा, धाकटा दीर टेम्पो चालवायचा, सासरे चाकावर बसायचे आणि थोरली भट्टी सांभाळायची. कुणी तिला कधी शाबास म्हटलं नाही, पण सासरे कुणालाच म्हणत नसत. त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग धाकटी आली. दिराची बायको. अंगाने काडी, आणि घरकामात पार ढ. दूध गॅसवर ठेवून तिथेच उभी राहायची आणि तिच्या डोळ्यांदेखत ते उतू जायचं. भाजीत मीठ एकदा विसरायची, एकदा दोनदा घालायची. तीन वर्षांनीही विचारायची, "जाऊबाई, मीठ कुठे असतं?" थोरली कपाळाला हात लावायची, पण तशी तिला ती आवडायची. आपल्यापुढे कच्चं असलेलं माणूस कुणाला आवडत नाही?

एके दुपारी सासरे पाठीत उसण भरून पडले होते आणि चाक रिकामं होतं. धाकटी सहज जाऊन बसली. थोरली हौदाशी माती मळत होती. तिने बघितलं आणि तिचे हात थांबले. धाकटीने मातीचा गोळा चाकावर टाकला, ओले हात लावले आणि माती उठून उभी राहिली. ती मातीला ओढत नव्हती, दाबत नव्हती. झोपलेलं मूल आई आली की आपोआप कूस बदलतं, तशी माती तिच्या हाताखाली वळत होती. थोरलीच्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर काही आपल्या घरात, आपल्या चिखलात होतंय, याचं तिला नवल वाटलं. आणि त्या नवलाच्या पाठोपाठ, दार उघडं राहिलं की मांजर शिरावं तसं, दुसरंच काही आत आलं.

सासऱ्यांनी ती बरणी दुसऱ्या दिवशी हातात घेतली. फिरवली, कडेवरून अंगठा नेला. आणि त्यांनी डोळे पुसले. चष्माही नव्हता त्यांना, की काच पुसली म्हणावं.

थोरलीने पाहिलं ते एवढंच. तेवढं पुरलं.

त्यानंतर घराचं तोंडच फिरलं. धाकटीला स्वयंपाकातून सुटका मिळाली. चाक तिचं झालं. सासरे तिच्याजवळ स्टूल टाकून बसू लागले. थोरली हसतमुखाने दोघांना चहा नेऊन द्यायची आणि परत येताना तिच्या पोटात आग पडलेली असायची. धाकटीने जरा तोरा मिरवला असता तर बरं झालं असतं. जाऊ म्हणून दोन शब्द वाजले असते, भांड्याला भांडं लागलं असतं आणि मन मोकळं झालं असतं. पण धाकटीला इथे काही चढाओढ चाललीय याचा पत्ताच नव्हता. ती चहाचा कप घ्यायची, मातीच्या हाताने, आणि कुणी दिला तेही बघायची नाही.

त्या सुमाराला शहरात नवं नाट्यगृह बांधून होत आलं होतं. त्याच्या दालनात ठेवायला कमरेएवढे रांजण हवे होते. काम सासऱ्यांकडे आलं आणि सासऱ्यांनी ते धाकटीला दिलं. कित्येक महिने ती त्याच कामात बुडालेली होती. एकेक रांजण असा, की वाळत ठेवलेला असला तरी जाणारायेणारा वळसा घालून जायचा, जणू कुणी वडीलधारं माणूस बसलंय. सगळे रांजण एकाच भट्टीत लावायचे ठरले. भट्टी पेटवायच्या सकाळी सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या आयुष्याची कमाई आहे आत." मग थोरलीकडे वळून म्हणाले, "तू नुसतं लाकूड घाल. पण लक्ष ठेव हो."

नुसतं लाकूड घाल. वीस वर्षं भट्टी तिच्या डोळ्यावर चालली होती, आणि तिने नुसतं लाकूड घालायचं.

दुपार झाली. धाकटी थकून आत झोपली होती. दोघे भाऊ खोकी आणायला गेले होते. सासरे जेवून आडवे झाले होते. थोरलीने डोळ्यातून आत पाहिलं. सगळं एकाच नारिंगी उजेडात बुडालं होतं आणि त्यात रांजण उभे होते, आरपार दिसतील की काय असे, जणू ते उजेडाचेच केले होते. थोड्या वेळाने झिलई वितळायला लागणार होती. तिला वाटलं, किती देखणं आहे हे. आणि हे माझं नाही.

तिने काही ठरवलं, असं नाही म्हणता येणार. हात गेला. धुराड्याची लोखंडी झडप तिने रेटून लावली. वारा आत जायच्या भोकांत विटा कोंबल्या. कोपऱ्यात पडलेली ओली लाकडं उचलली आणि एकामागून एक आत सारली.

भट्टी कण्हली. खरंच, तसाच आवाज आला. मग भिंतीच्या फटीफटीतून ज्वाळा बाहेर आल्या, बारीक, लांब. डोळ्यातून हातभर जीभ बाहेर पडली आणि हवेत चाचपडू लागली, बुडणारा माणूस हात मारतो तशी. काळा धूर छपराखाली गरगरत होता. पळून जायचं तिला सुचलं नाही. वीस वर्षं तिने या आगीला वळण लावलं होतं, नीट बसायला शिकवलं होतं. तिचं हे रूप ती पहिल्यांदाच बघत होती. ती बघतच राहिली. आपल्या पोटात इतके दिवस जे होतं ते असं दिसतं तर, असं तिला वाटलं, आणि ते एवढं मोठं असेल याची तिला कल्पना नव्हती. ज्वाळा आखडायला लागल्या की ती आणखी लाकूड सारत होती.

मग आतल्या खोलीतून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. "कसला वास येतोय गं?"

थोरलीच्या काळजाचं पाणी झालं. तिने उघड्या हाताने विटा ओढून काढल्या, झडप सोडली, कोरडं लाकूड टाकलं. तळहाताची कातडी लोखंडाला चिकटून निघाली. सासरे काठी टेकत बाहेर येईपर्यंत आग पुन्हा स्वच्छ जळू लागली होती.

"एक ओलं लाकूड गेलं आत," ती म्हणाली.

सासऱ्यांनी धुराड्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे पाहिलं. "हं," म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले, आग विझेपर्यंत.

भट्टी निवेपर्यंत थोरलीला घास गिळवेना. आपलं नाव पुढे येईल ही भीती होतीच, पण भीतीच्या तळाशी एक गोडवाही होता, खोटं कशाला सांगा. भट्टी उघडल्यावर चेहरा कसा करायचा, हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं.

भट्टीच्या तोंडाच्या विटा दिराने काढल्या. पुढची सगळी ओळ मेली होती. कुठे तडा, कुठे फोड, कुठे मढ्यासारखा राखाडी रंग. नवऱ्याने डोकं धरलं. थोरलीने ठरवलेला चेहरा केला. मग दिराने आणखी चार विटा काढल्या आणि उजेड आतपर्यंत गेला.

आत लाल होतं.

दीर हातात विटा धरून तसाच उभा राहिला. सासरे खाली जमिनीवर बसले. उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले की पापण्यांच्या आत जो दिसतो, तसा तो लाल होता. गळ्याशी फिका, झिलई जिथे ओघळून थांबली तिथे जवळजवळ काळा, आणि पोटावर इतका खोल की बोट बुडेल. एखाद्या रांजणावर कुठेतरी जुना हिरवा राहून गेला होता, ओल्या दगडावर शेवाळ असावं तेवढा. असा रंग या कारखान्यात कधी आला नव्हता. तो कुणी लावला नव्हता. तो त्या मातीला आतून फुटला होता.

पहिल्यांदा थोरलीच्या मनात आलं, केवढं सुंदर आहे हे. मग मनात आलं, हे मी केलं. आणि मग कळलं, की हे आपल्याला कधीच कुणाला सांगता यायचं नाही. मी हे केलं म्हणायचं, तर का केलं तेही सांगावं लागेल. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

वाचलेले रांजण नाट्यगृहात गेले. लोक नाटकाआधी येऊन त्यांच्यापुढे उभे राहू लागले. 'धाकटीचा लाल' असं त्या रंगाला नावच पडलं. लांबलांबून माणसं घरी येऊन म्हणायची, आम्हालाही तसाच हवा.

पुढची भट्टी थोरलीने लावली, सासऱ्यांनी शिकवली तशी, स्वच्छ. हिरवा आला. चांगला, तेजदार हिरवा. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या पुढची लावली. पुन्हा हिरवा.

धाकटीला वेड लागायची पाळी आली. तिने झिलईत तांबं वाढवलं, कमी केलं. माती बदलून पाहिली. दुसऱ्या विहिरीचं पाणी आणलं. रांजण कुठे कुठे ठेवले होते ते आठवून पुन्हा तसेच मांडले. प्रत्येक वेळी भट्टी उघडली की हिरवा. ती जेवेनाशी झाली, केस विंचरेनाशी झाली. नवऱ्याशी बोलणं तर सुटलंच. थोरली ताटं वाढत हे बघत होती. किल्ली तिच्याजवळ होती, आणि कुलूप समोर धडका देत होतं. काही दिवस तिला बरं वाटलं.

पण मग तिलाच तो लाल आठवायला लागला. बाजाराच्या निमित्ताने बाहेर पडायची आणि नाट्यगृहात जायची. तिकीट काढायचं नाही, नाटक बघायचं नाही, नुसतं दालनात उभं राहायचं. तिथला पहारेकरी तिला ओळखायला लागला. एकदा न राहवून तिने सर्वांत मोठ्या रांजणाच्या पोटावर हात ठेवला, तोच भाजलेला हात.

"बाई, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला. "मोठ्या कलाकाराचं काम आहे ते."

"माहीत आहे," थोरली म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, थोरली परसात लाकडं रचत असताना धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे खोल गेलेले, हाताला माती.

"जाऊबाई, माती तीच आहे. झिलई तीच. पाणी तेच. मी सगळं बघितलं. आता एकच गोष्ट उरलीय."

"कुठली?"

"तुम्ही."

थोरलीने हातातलं लाकूड खाली ठेवलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं, आणि तिने ते अडवलं नाही.

"हो," ती म्हणाली. "मीच. झडप लावली, भोकं बुजवली, ओली लाकडं घातली. तुझ्या रांजणांचं मातेरं व्हावं म्हणून. एक नाही, सगळ्यांचं. ऐकलंस?"

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत होती, अनोळखी गावात कुणी पत्ता सांगताना आपण बघतो तशी.

"झडप पूर्ण लावलीत की अर्धी?"

"अगं, मी तुझं वाटोळं करायला निघाले होते."

"हो, ते कळलं. पूर्ण की अर्धी?"

"पूर्ण," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"तेव्हा झिलई वितळली होती?"

"नव्हती. वितळायच्या बेतात होती."

"मग किती वेळ कोंडलंत?"

"मामंजी खोकले तोवर. ज्वाळा आधी पिवळी होती, मग हिरवट झाली. मग ते खोकले. मी घाबरले आणि सगळं उघडून टाकलं. पुढे शेवटपर्यंत स्वच्छ आग."

"शेवटी स्वच्छ आग," धाकटी हळूच म्हणाली. "म्हणजे धुराने लाल केला आणि तुमच्या घाबरण्याने तो उजळला." तिने थोरलीचा हात धरला, उलटा केला, तळहातावरच्या व्रणावरून अंगठा फिरवला. भांड्याची कड तपासतात तसा. "पुन्हा कराल?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. एवढा द्वेष तिने पोसला होता, पोटच्या पोरासारखा. तो आज समोर आणून ठेवला, तर या बाईकडे त्याला बसायला जागाच नव्हती.

"तुला राग नाही आला?"

धाकटीने प्रामाणिकपणे विचार केला. "यायला हवा," ती म्हणाली. "येईल कदाचित. आधी भट्टी लावू."

सासऱ्यांना सांगायला थोरली गेली तेव्हा ते खिडकीशी बसले होते. ऐकून घेतलं. "त्या दिवशी मला वास आला होता," म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"उघडायच्या आधी बोलणार होतो. उघडल्यावर काय बोलायचं राहिलं?" मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "जपून राहा, पोरी. तिला माणसं दिसत नाहीत. लाकूड संपलं तर ती तुलासुद्धा आत सारेल, आणि तिला ते कळायचंही नाही."

पोरी, असं त्यांनी तिला पहिल्यांदाच म्हटलं होतं.

भट्टी लागली. दुपारी थोरलीने झडप रेटली, भोकं बुजवली. पुन्हा ते कण्हणं, पुन्हा त्या चाचपडणाऱ्या जिभा. धाकटी भट्टीच्या डोळ्याशी, जिभेच्या जराशी बाजूला, इतकी जवळ उभी होती की तिच्या भुवया चुरचुरून जळाल्या. आत काहीतरी फुटल्याचा दबका आवाज आला. मग आणखी एक. एकेक रांजण म्हणजे तिचे कितीतरी दिवस.

"सोडू का?" थोरलीने विचारलं. "फुटताहेत."

"फुटू देत. आणखी कोंडा."

तिचा चेहरा उजळून निघाला होता आणि ती हसत होती. थोरलीने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. इतके दिवस थोरली स्वतःला या घरातलं वाईट माणूस समजत आली होती. त्या लाजेने तिची झोप उडाली होती. आणि इथे तिच्यासमोर जे उभं होतं, ते त्या लाल रंगासाठी घरदार, नवरा, स्वतःची हाडं आगीत घालून शांत झोपलं असतं. थोरलीला भीती वाटली. देवळाबाहेर उभं राहून उंच कळसाकडे बघताना मान दुखते आणि तरी खाली करवत नाही, तसंही वाटलं.

"आता?" धाकटीने विचारलं. ते मात्र तिला कळत नव्हतं. ज्वाळेचा रंग वाचायला ती शिकलीच नव्हती.

"नाही."

"आता?"

"थांब म्हणते ना."

धाकटी थांबली. पहिल्यांदाच ती कुणाच्या शब्दासाठी श्वास रोखून थांबली होती. थोरलीने तिला गरजेपेक्षा थोडं जास्तच थांबवलं. मग म्हणाली, "आता," आणि झडप सोडली.

मूठभर रांजण वाचले. त्यांचा लाल पहिल्यापेक्षा गडद होता. धाकटीने त्यातल्या एकाला गाल लावला, पुरता निवायच्या आधीच. गालावर डाग राहिला, त्याचं तिला काही नव्हतं.

तेव्हापासून भट्टी अशीच लागते. अर्धा माल प्रत्येक वेळी मरतो. धाकटीचं नाव लांबवर गेलं. लोक तिला विचारतात, हा रंग कसा येतो, तर ती सांगते, "जाऊबाईंना विचारा," आणि लोक तो तिचा विनय समजून हसतात. धाकटीला राग कधी आलाच नाही. थोरली त्या रागाची वाट बघत राहिली. एकदोनदा मुद्दाम टोचून बोलली, एकदा तिचा चहा निवू दिला. धाकटीने गार चहा पिऊन टाकला.

सासरे गेले त्या वर्षी धाकटीने एकच रांजण घडवला, माणसाएवढा. त्याच्यासारखं तिच्या हातून आधी काही उतरलं नव्हतं. भट्टी लागली, झडप लागली, आणि भट्टीच्या डोळ्यातून त्याच्याकडे बघताना थोरलीचं मन द्रवलं. हा फुटू नये, असं तिला वाटलं. धाकटीने "आता?" म्हणून विचारलं, तेव्हा ज्वाळा अजून पिवळीच होती. थोरली म्हणाली, "हो, आता."

रांजण धडधाकट निघाला, एकही तडा नाही. रंग ना लाल ना हिरवा, राखेसारखा. धाकटीने त्याच्याभोवती एक फेरी घातली. मग दोन्ही हातांनी त्याला परसातल्या खापरांच्या ढिगाकडे ढकलत नेलं आणि त्यावर लोटून दिलं. आवाज घरभर गेला. ती परत आली, हात झटकले आणि थोरलीजवळ उभी राहिली.

"जाऊबाई," ती अगदी मायेने म्हणाली, "दया नका करू."

मग ती चाकाकडे गेली आणि नवी माती मागवली. थोरलीने परसातली लाकडं निवडायला घेतली. ओली होती, ती पुढच्या भट्टीसाठी वेगळी काढून ठेवली.